परीक्षेला पोर उपाशी बसवू नका

फेब्रुवारी लागला की दहावीच्या मुलांवर उपदेशांचा भडिमार सुरू होतो. पहाटे उठा, मोबाईल बाजूला ठेवा, मन लावून वाचा. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे भुकेने अंधारी येते, त्याने मन लावायचे कुठे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यापुरते बोलू. कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ती परततात तेव्हा मार्च उजाडलेला असतो. दहावीची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते; 2025 साली तर ती 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे आई-बाप उसाच्या फडात आणि पोर गावात आजीपाशी. त्यात मुलगी असेल तर पाणी भरणे, भाकऱ्या थापणे, धाकट्याला शाळेत धाडणे हे सारे तिच्याच वाट्याला. पुस्तक हाती येते ते रात्री दहाला. शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेल्यावर मुलाची भूक संपते, असे सरकारला वाटते काय?

राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले. अशा मुलीला वाचताना थकवा येतो, डोके दुखते. आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी तिने जेवणानंतर घ्यावी, लागलीच चहा पिऊ नये, ताटात लिंबाची फोड असावी, हे सांगायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

आमच्या समाजात अभ्यास म्हटला की बाबासाहेबांच्या अठरा तासांचा दाखला दिला जातो. ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. अभिवादन म्हणून वर्षातून एक दिवस ते चांगलेच आहेत. परंतु परीक्षेच्या तोंडावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने महिनाभर रात्रीचा दिवस करावा, हा त्याचा अर्थ नव्हे. या वयात आठ तासांची झोप लागतेच, आणि दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. बाबासाहेबांच्या शाळकरी दिवसांची हकिगत नीट वाचा. परळच्या चाळीत एकच खोली. भीमाला लवकर झोपवून सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. म्हणजे पोराच्या झोपेवर बापाचा पहारा होता! घरात जागा नाही म्हणून हाच विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णराव केळुसकर गुरुजींनी त्याला हेरले. 1907 साली तो मॅट्रिक झाला, त्यामागे एकट्याची जिद्द नव्हती. कोणी झोप राखली, कोणी पुस्तके दिली.

दहावीचा पेपर सकाळी अकराला सुरू होऊन दोननंतर सुटतो. वाडी-तांड्यावरचे पोर परीक्षा केंद्र गाठायला आठलाच घर सोडते. चहा-बिस्किटावर दोन वाजेपर्यंत डोके चालेल कसे? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि सोबत पाण्याची बाटली, एवढे पुरे. महागडी पावडर नको नि टॉनिकही नको. आदल्या रात्री दहाला दिवा मालवावा. नवे काही वाचू नये.

आता मनाचे. भीती पेपरची कमी, माणसांची जास्त असते. 'तुमच्याच्याने काय होणार' हे वाक्य आमच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. निदान ते घरातून तरी ऐकू येऊ नये. फडातल्या बापाने फोन केला तर 'किती झालं?' हे विचारण्याआधी 'जेवलास का?' हे विचारावे. एखाद्या विषयात नापास झाल्यास त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. 2015 पासून ही सोय आहे. हे मुलाला निकालानंतर नव्हे, परीक्षेआधी कळले पाहिजे. मन फारच खचले तर 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

शेवटी समाजाच्या कर्त्या मंडळींना एक सूचना. जयंतीची वर्गणी आपण मार्च-एप्रिलमध्ये गोळा करतो, तोवर दहावीचा शेवटचा पेपर होऊन गेलेला असतो. यंदा वर्गणी जानेवारीतच सुरू करा. त्यातून विहारात दोन ट्यूबलाइट, चार सतरंज्या आणि संध्याकाळच्या जेवणाचा एक मोठा डबा होऊ शकतो. परीक्षा संपेपर्यंत विहाराचा भोंगा बंद ठेवा. गावातल्या शिक्षक-नोकरदारांनी आळीपाळीने तासभर तिथे बसावे आणि रात्री दहाला पोरांना घरी पाठवावे. सुभेदारांनी एका मुलासाठी जे केले, ते एका वस्तीने दहा मुलांसाठी करायला काय हरकत आहे?