पेटंट : करार की वतन?

औषधाच्या कंपनीने संशोधनावर कोट्यवधी रुपये खर्च करावेत आणि त्याचे फळ दुसऱ्याने आयते खावे, हा कोणता न्याय? असा प्रश्न हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार ऐकू येतो. आमचे उत्तर स्पष्ट आहे. हा न्याय नव्हेच. संशोधकास त्याच्या श्रमाचा व धाडसाचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी आमचा कोणाशीही वाद नाही. आमचा वाद आहे तो या मोबदल्यास वतन समजणाऱ्यांशी.

वतन म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. पूर्वजाने कधी काळी गावाची चाकरी केली, तिच्याबद्दल जमीन आणि हक्क मिळाले. पुढे चाकरी मागे पडली आणि हक्क तेवढे पिढ्यान् पिढ्या चालत राहिले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने नाहीशी केली ती याच कारणास्तव. सेवेवाचून चालणारा हक्क लोकसत्तेत शोभत नाही.

पेटंट हे याच्या नेमके उलट आहे. तो एक मुदतीचा करार आहे. संशोधकाने आपली युक्ती सर्व तपशिलांसह जगापुढे मांडावी. समाजाने त्याबदली अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तिचा एकाधिकार त्यास द्यावा. आणि मुदत सरताच ती युक्ती सर्वांची व्हावी. करार म्हटला की दोन पक्ष आले व दोघांसही अटी आल्या. कंपन्यांचे कैवारी पहिल्या पक्षाच्या हक्कांचे पोवाडे गातात आणि दुसऱ्या पक्षाचे नावही घेत नाहीत, हाच आमचा मुख्य आक्षेप आहे.

आपल्या कायदेकर्त्यांनी दुसऱ्या पक्षाचा विसर पडू दिला नव्हता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालास अनुसरून १९७० चा कायदा झाला. त्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले व केवळ कृतीवर, तेही फार तर ७ वर्षे, दिले. स्वस्त औषधे बनविणारे देशी कारखाने याच आश्रयाखाली वाढले. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली पदार्थावरील पेटंट परत आले. परंतु संसदेने तेव्हा कलम ३(डी) चा अडसर घातला : जुन्याच औषधाचे नवे रूप पुढे करून नवे पेटंट मागणाऱ्याने त्याची गुणकारिता खरोखर वाढल्याचे दाखविले पाहिजे. नोव्हार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ उचलून धरला.

करार मोडल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. बायर कंपनीचे मूत्रपिंड व यकृत यांच्या कर्करोगावरील औषध महिन्यास सुमारे २,८०,००० रुपयांस मिळे. ज्यांस त्याची गरज होती, त्यांपैकी २ टक्क्यांहून किंचित अधिक रुग्णांपर्यंतच ते पोचत होते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. किंमत ठरली महिन्यास ८,८८० रुपये. बायरला विक्रीवर ६ टक्के मानधन मिळाले, जे पुढे अपिलात ७ टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हा निर्णय कायम केला. येथे कोणी कोणाचे लुटले? पेटंट कायम राहिले, मानधनही मिळाले. फक्त औषध कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा हक्क तेवढा गेला.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. औषधांस दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या गोळीचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपावयाचे होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर २०२७ पर्यंतचा एकाधिकार मागितला. यास हरकत घेतली ती क्षयातून वाचलेल्या दोन तरुणींनी : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. जुन्या उपचारांतील इंजेक्शनांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. पाथर्डीच्या ऊसतोडणी कामगारास ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे खरे. पण तिचे पैसे सरकारी खजिन्यातून, म्हणजे तुमच्याआमच्याच खिशातून जातात. मुदत चार वर्षे लांबणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

'अशाने संशोधन थांबेल', ही भीती नेहमी घातली जाते. आम्ही उलट विचारतो : जुन्या औषधास नवा क्षार जोडून मुदत वाढवून मिळत असेल, तर नव्या औषधाच्या शोधात कोण शिणेल? वतनदारास नांगर धरण्याची गरज कोठे असते? मुदत संपते, म्हणूनच नवा शोध लावणे भाग पडते. कलम ३(डी) संशोधनाचे शत्रू नसून आळसाचे शत्रू आहे.

एवढे लिहिण्याचे कारण असे की हा पहारा ढिला होऊ लागला आहे. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी पेटंट मंजूर होण्यापूर्वी हरकत घेणाऱ्यावर शुल्क बसविले, आणि ती हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी ठरविण्याचा अधिकार नियंत्रकांस दिला. पेटंटचा देशात कितपत उपयोग झाला, याचे दरवर्षीचे निवेदन आता तीन वर्षांतून एकदा दिले की भागते. बायरविरुद्धच्या प्रकरणात औषध किती जणांस मिळाले हाच कळीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर तीन वर्षांनी मागणे म्हणजे रोग्याची नाडी तेराव्याला पाहणे होय.

कायद्यातील ही दारे वकिलांसाठी ठेविलेली नाहीत. ती रोग्यांसाठी आहेत. दोन तरुणींनी त्यांतून आत जाऊन देशाचे काम केले. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपण सर्वांनी ती दारे बंद होऊ न देणे, एवढे तरी केले पाहिजे. वतने एकदा बुडविली. ती औषधाच्या बाटलीतून परत येऊ नयेत.