नळी रोज तपासा



महागडी अँटिबायोटिक्स आल्याशिवाय पेण-रोह्यात कॅथेटरमुळे, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीमुळे, रक्तात होणारा संसर्ग थांबणार नाही, हे गेल्या अंकातील मत मला पटत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, मास्क-गाऊन आणि निर्जंतुक चादर, जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे एवढ्याच गोष्टी कसोशीने पाळून घेतल्या. पायरी चुकली की परिचारिका डॉक्टरांना थांबवू शके. हे मला सर्वांत मोलाचे वाटते. संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. यात महाग काय आहे? नळी गरजेपेक्षा जास्त काळ राहू नये म्हणून इथून अलिबागला किंवा मुंबईला हलवलेल्या रुग्णाच्या कागदांवर नळी कधी घातली ती तारीख ठळक असावी आणि नातेवाइकांनी ती बेधडक विचारावी.

— एक वाचक, रोहा