फॉरमॅट हे यूएसबीवरचं औषध नव्हे

डेस्कटॉपला लावलेली हार्ड डिस्क कॉपी चालू असताना गायब होते, प्रिंटर अर्ध्या पानावर थांबतो, जोडणी तुटल्याचा आणि जुळल्याचा आवाज दिवसभर येत राहतो. दुरुस्तीच्या दुकानात यावर ठरलेला निवाडा मिळतो: ‘विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ त्याने भागलं नाही, तर ‘बोर्ड गेला.’ पहिल्यात बॅकअप न घेतलेले फोटो जातात, दुसऱ्यात काही हजार रुपये. पुरावा मात्र कुणी दाखवत नाही.

फॉरमॅटवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. विंडोजमध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची सोय आहे. वीज वाचवण्यासाठी ती रिकाम्या बसलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवते, आणि काही उपकरणं त्या झोपेतून धड उठत नाहीत. पण ही सोय पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करता येते. त्यासाठी सी ड्राइव्ह पुसायचं कारण काय? शिवाय नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती सहसा चालूच असते. म्हणजे दोष खरोखर तिचा असेल, तर फॉरमॅटनंतर तोही परत हजर.

यूएसबीच्या केबलमधून माहितीबरोबर वीजही जाते, हे या निवाड्यात विसरलं जातं. मानकाप्रमाणे यूएसबी 2.0 चा पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क फिरायला लागताना याहून जास्त मागू शकते. केबल लांब आणि आतल्या तारा बारीक असल्या की व्होल्टेज वाटेतच पडतं. डिस्क टक्-टक् करते आणि नाहीशी होते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट तर मदरबोर्डवर नसतातच, ते आतल्या वेगळ्या वायरने बोर्डाला जोडलेले असतात. जेवढे सांधे जास्त, तेवढी गळती जास्त. तीच डिस्क, त्याच विंडोजवर, मागच्या पोर्टात आखूड केबलने नीट चालली, तर विंडोज निर्दोष सुटलं. एरवी चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती इथेच.

वायरलेस माउस अडखळला की लोक आधी सेल बदलतात, मग ड्रायव्हर. यूएसबी 3.0 ची जोडणी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सोडते, हे खुद्द इंटेलने 2012 साली एका तांत्रिक टिपणात मांडलं आहे. बहुतेक वायरलेस माउसचे रिसीव्हर याच पट्ट्यात ऐकतात. शेजारच्या पोर्टात 3.0 ची डिस्क असेल, तर रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने थोडा दूर न्यावा.

मग बोर्ड नेहमीच निर्दोष? मुळीच नाही. एएमडीच्या 500 मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटत असल्याच्या तक्रारी इतक्या साचल्या, की फेब्रुवारी 2021 मध्ये कंपनीला त्या जाहीरपणे मान्य कराव्या लागल्या. पुढे ‘अजेसा 1.2.0.2’ हे नवं फर्मवेअर आलं आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी ते बायोस अपडेटमधून दिलं. तेव्हा ज्यांनी फॉरमॅट मारला त्यांच्या हाती काही लागलं नसणार, कारण बायोस हार्ड डिस्कवर नसतो. आणि तोच बोर्ड जुन्या बायोससह नवा आणला असता, तरी तो दोष घेऊनच आला असता. 2013 मध्ये इंटेलची गोष्ट याच्या उलट होती. हॅसवेल प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटच्या पहिल्या आवृत्तीत संगणक झोपेतून उठला की काही यूएसबी 3.0 पेनड्राइव्ह तुटत. तिथे चिपच सुधारून काढावी लागली.

तेव्हा बोर्डावर ठपका ठेवायला हरकत नाही, पण तपास करून. उपकरण दुसऱ्या संगणकावरही तुटत असेल, तर संशय उपकरणावर किंवा केबलवर. एकाच पोर्टात तुटत असेल, तर त्या पोर्टावर. कीबोर्ड-माउससह सगळंच एकदम जात असेल, तेव्हा बायोस, संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस आणि शेवटी बोर्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मात्र पाळलंच पाहिजे. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एका दमात बदलणाऱ्याला गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. आणि हो, स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या स्वस्त हबला दोन हार्ड डिस्क लावून तक्रार करू नये. एका पोर्टाची वीज तिथे दोघींत वाटली जाते.

पुढच्या वेळी दुकानदार ‘फॉरमॅट’ म्हणाला, तर होकार देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: केबल बदलून पाहिली का, आणि मागच्या पोर्टात लावून पाहिलं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर संगणक घरी घेऊन या.