दोन व्हीएम, होस्ट एकच: व्हीएमवेअर सोडताना मागे राहणारा नियम

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या सर्व्हर रूममध्येही ‘प्रॉक्समॉक्स की ओपनस्टॅक?’ हा प्रश्न ऐकू येतो. लायसन्सचा हिशेब सगळेच करतात. कुठली व्हीएम कुठल्या होस्टवर बसणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. धुळ्यातल्या एका पतसंस्थेत तीन होस्ट होते. डेटाबेस एका व्हीएमवर, त्याची रेप्लिका दुसऱ्या व्हीएमवर. कागदावर सगळं सेफ. एका दुपारी एका होस्टचा मदरबोर्ड गेला आणि दोन्ही व्हीएम एकदम बंद पडल्या, कारण दोन्ही त्याच होस्टवर होत्या. डिस्कही लोकल, म्हणजे दुसऱ्या होस्टवर चालू करायचीही सोय नाही. काउंटरवर पैसे काढायला आलेले लोक ताटकळत उभे. जुन्या सेटअपमध्ये ‘या दोघींना वेगळं ठेव’ असा डीआरएसचा नियम होता. मायग्रेशनमध्ये डिस्क आल्या, नियम आला नाही.

या नियमाला अँटी-अ‍ॅफिनिटी म्हणतात. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम-व्हीएममधला असा नियम ऑगस्ट २०२५ च्या ९.० व्हर्जनपासून मिळतो, आणि तोही एचएखाली घेतलेल्या व्हीएमनाच. ओपनस्टॅकमध्ये तो बराच जुना आहे. तिथे नोव्हाचा शेड्युलर आधी न चालणारे होस्ट गाळतो, मग उरलेल्यांना गुण देतो. ज्याच्याकडे रॅम जास्त मोकळी, त्याला गुण जास्त. त्यामुळे व्हीएम बहुतेक वेळा आपोआप पांगतात आणि आपल्याला वाटतं, झालं काम! पण ते नशीब असतं, हमी नसते. हमी हवी तर सर्व्हर ग्रुप बनवायचा, आणि तोही व्हीएम तयार करतानाच सांगायचा. चालू व्हीएम नंतर ग्रुपमध्ये घालता येत नाही.

कडक नियमाचाही त्रास आहेच. तीन होस्टवर तीन व्हीएम कडक नियमाने बसवल्या आणि एक होस्ट गेला, तर तिसरीला जागाच उरत नाही. म्हणून माझं मत असं: डेटाबेसच्या जोडीला कडक नियम, वेब सर्व्हरना ‘सॉफ्ट’, म्हणजे जमलं तर वेगळं ठेव.

शिवाय होस्ट वेगळे असले तरी यूपीएस एकच असेल तर शेड्युलरला ते कळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, एसी बसतो, तेव्हा अख्खी खोलीच जाते. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि ७०९ सिस्टिम बंद पडल्या. तिथे होस्टपातळीचा कुठलाच नियम कामाला आला नसता. त्यासाठी दुसरी जागाच लागते.

पतसंस्थेत आम्ही नंतर जुन्या नियमांची यादी काढून एकेक नव्याने लावला. मग एका रविवारी मुद्दाम एका होस्टची पॉवर काढली. डेटाबेस चालू राहिला, प्रिंट सर्व्हर मात्र बंद पडला. त्याचा नियम यादीतच नव्हता.