सतरा तास कुठून मोजायचे?

बंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? हवाई अंतर 13,993 किमी. एअर इंडियाचे पहिले थेट विमान 9 जानेवारी 2021 च्या रात्री तिकडून निघाले आणि 11 तारखेच्या पहाटे बंगळुरूच्या देवनहळ्ळी विमानतळावर उतरले. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, साऱ्या महिला वैमानिक. वाट उत्तर ध्रुवावरून. साडेतेरा तासांच्या कालफरकात 10 तारीख जवळजवळ गिळली गेली, पण उड्डाण सतरा तासांहून थोडे अधिक. भिंतीवरच्या नकाशात ही वाट सापडत नाही. पृथ्वीगोलावर दोन शहरांत दोरा ताणून धरा, तो आपसूक ध्रुवाकडे सरकतो. आकाशातला हिशेब असा चोख.

आता जमिनीवरचा. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या मराठी घरात साताऱ्याचे आईबाबा मुलाकडे चार दिवस राहतात आणि मग लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियाला निघतात. मेतकूट, डिंकाचे लाडू, गोडा मसाला. हातकाट्याला टांगून टांगून बॅग तेवीस किलोंत बसवलेली. गाडी अगरा तळ्यापाशीच अडकते. पुढे मारतहळ्ळी, के. आर. पुरम, हेब्बाळ असे सगळे बाकी. "सतरा तास म्हणालास ना," आई विचारते, "ते हे धरून का रे?" मुलगा मोबाइलवरच्या लाल रेषेकडे बघत राहतो.

ते हे धरून नसतात. एचएसआरपासून दहाएक किलोमीटरवरचा एचएएलचा विमानतळ मे 2008 मध्ये नेहमीच्या प्रवासी विमानांना बंद झाला. नवा उघडला तो पंचेचाळीसएक किलोमीटरवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. जुना अपुरा पडत होता, हे खरेच. पण नव्याला दीडशे किलोमीटरांत स्पर्धक नको, हे कलम करारात आठवणीने घातले गेले. रेल्वे मात्र राहून गेली. एचएसआरजवळच्या सिल्क बोर्डहून विमानतळापर्यंतच्या मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली एप्रिल 2021 मध्ये. म्हणजे ध्रुवावरून विमान येऊन तीन महिने झाल्यावर, आणि विमानतळ उघडून तेरा वर्षांनी!

हा बंगळुरूकरांचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्याला लोहगावऐवजी पुरंदरच्या विमानतळाचे वेध लागले आहेत. तिथे धावपट्टी किती लांब, विमाने किती, याचे आकडे पुष्कळ ऐकू येतील. कोथरूडच्या किंवा चिंचवडच्या माणसाने घराला कुलूप लावल्यापासून विमानात बसेपर्यंत किती वेळ जाईल, हा आकडा आधी मागावा. आपल्याकडे जुने लोक अंतर मजलांत मोजत. एका दिवसात माणूस थकेपर्यंत चालेल ती एक मजल. त्या मापात चालणाऱ्याचे पाय धरलेले असत. अगरा तळ्याकाठच्या त्या माउलीचा प्रश्न तेवढाच होता.