विद्यार्थी व्हिसा : नकार वाढत असताना अर्ज कसा असावा?

कॅनडातील महाविद्यालये व विद्यापीठांत शिकण्याची परवानगी मागणाऱ्या भारतीय अर्जदारांपैकी सुमारे ७४ टक्के अर्ज ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळले गेले. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, हेच प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होते. अर्जांची संख्याही याच काळात वीस हजारांहून अधिक होती ती साडेचार हजारांवर आली. सर्व देशांचे मिळून नकाराचे प्रमाण मात्र दोन्ही वेळा ४० टक्क्यांच्या जवळपास राहिले. म्हणजे बदल झाला तो प्रामुख्याने भारतीय अर्जांकडे पाहण्याच्या दृष्टीत. ज्या धर्मग्रामांतून दरवर्षी काही तरुण-तरुणी परदेशी शिक्षणासाठी निघतात, तेथील पालकांनी या आकड्यांमागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण कॅनडाच्या अंतर्गत राजकारणातले आहे. घरांची टंचाई व वाढती भाडी यांचे खापर विद्यार्थ्यांच्या संख्येवर फुटले आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथील सरकारने अभ्यास परवान्यांवर मर्यादा घातली. दुसरे कारण आपल्याकडचे आहे. २०२३ साली बनावट प्रवेशपत्रांच्या आधारे गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचे प्रकरण उघडकीस आले. त्यांपैकी कित्येकांना आपले पत्र खोटे असल्याचे ठाऊकही नव्हते. एजंटने दिले, त्यांनी जोडले! तेव्हापासून प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडून पडताळून घेतले जाते. भारतीयांना तुलनेने जलद निर्णय देणारी विशेष योजनाही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांनीही गेल्या दोन-तीन वर्षांत आपापले दरवाजे अरुंद केले आहेत.

अशा वेळी 'सगळी कागदपत्रे जोडली होती, तरी नाकारले' ही तक्रार वारंवार ऐकू येते. कागदपत्रे जोडणे आणि अधिकाऱ्याची खात्री पटवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील २१४ (ब) हे कलम तर असे गृहीत धरते की, व्हिसा मागणारा प्रत्येक जण तेथे कायम राहण्याच्याच हेतूने येत आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या खिडकीपुढे ही सिद्धता अवघ्या काही मिनिटांत करायची असते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून जुने लांबलचक निवेदन रद्द करून थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक उत्तराला १५० शब्दांची मर्यादा घातली. पाठ केलेल्या भाषणाला तिथे वाव उरलेला नाही.

समजा, एखाद्या तरुणाने वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तीन वर्षे बँकेत नोकरी केली आणि आता तो हॉटेल व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी अर्ज करतो आहे. हे अशक्य नाही. कदाचित त्याच्या कुटुंबाचे वसईच्या किनाऱ्यावर छोटे निवासगृह असेल व ते त्याला वाढवायचे असेल. मग हे कारण अर्जात स्पष्ट लिहिले पाहिजे आणि त्या व्यवसायाचा परवाना सोबत जोडला पाहिजे. बहुतेक निवेदनांत याऐवजी त्या देशाच्या शिक्षणपद्धतीची स्तुती असते. ती अधिकाऱ्याने हजारदा वाचलेली असते. हाच अभ्यासक्रम का, भारतात तो का नाही, या खर्चातून पुढे काय साधणार, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावीत. भाषा साधी असली तरी चालेल.

अनेक अर्ज अडखळतात ते पैशांच्या पुराव्यावर. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या निर्वाहासाठी दाखवायची रक्कम अनेक वर्षे १० हजार डॉलर ठेवली होती. ती जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली. पहिल्या वर्षाचे शुल्क व प्रवासखर्च वेगळा. ब्रिटनमध्ये आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज बाद होऊ शकतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून दहा-बारा लाख रुपये गोळा करून खात्यात भरणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. असा अचानक आलेला आकडा अधिकाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरतो. पैसा खरा असेल तर त्याचा उगमही दाखवावा. जमीन विकली असेल तर खरेदीखताची प्रत, मुदत ठेव मोडली असेल तर बँकेचे पत्र, कुवेतमधील मामा खर्च करणार असतील तर त्यांचा पगाराचा दाखला व नातेसंबंधाचा पुरावा जोडावा. वाडीचा सातबारा कुटुंबाची पत दाखवतो, पण सामाईक नावावरील जमिनीतून शुल्क भरता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्यापेक्षा बँकेचे शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र अधिक वजनदार ठरते. कर्जाच्या व्याजावर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना सवलत देणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर अद्यापही हिशेब मांडणारे पालक भेटतात, म्हणून हा उल्लेख.

आपल्या समाजापुरती एक विशेष अडचण आहे ती नावांची. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत गोन्साल्विस, मराठी शाळेच्या दाखल्यावर घोन्सालविस, वडिलांच्या आधार कार्डावर तिसरेच काही. मधल्या नावात कुठे वडिलांचे नाव, कुठे दुसरे बाप्तिस्मानाम. घरात याने कुणाचे अडत नाही, पण वडिलांच्या खात्यातील पैसा मुलीच्या शिक्षणासाठी दाखवताना दोघांची आडनावे जुळली नाहीत, तर नातेच शंकास्पद ठरते. पासपोर्टवरील इंग्रजी अक्षरयोजना प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. त्यासाठी राजपत्रात नाव बदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र व धर्मग्रामातून नव्याने घेतलेला दाखला लागू शकतो. याला काही महिने जातात. धर्मगुरूंकडे चारित्र्याच्या शिफारसपत्रासाठी घातलेल्या खेपा याच कामी लावल्या तर अधिक बरे, कारण व्हिसा अधिकारी प्रथम पाहतो ती ओळख आणि पैसा.

एजंटची मदत घेण्यात गैर काही नाही. मात्र अर्जातील प्रत्येक विधानाची जबाबदारी सही करणाऱ्याची असते. खोटी माहिती आढळल्यास कॅनडा पाच वर्षांची प्रवेशबंदी घालतो. अमेरिकेत ती आजन्म ठरू शकते. पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल, तर विचारल्यावर तो सांगावाच. जुना नकार लपवल्याचे उघड झाले, तर मूळ नकारापेक्षा अधिक नुकसान होते. अमेरिकेने जून २०२५ पासून विद्यार्थ्यांची समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी सार्वजनिक ठेवण्यास सांगितले आहे व गेल्या पाच वर्षांतील सर्व खात्यांची नावे अर्जात द्यावी लागतात. एजंटने भरलेला अर्ज पाठवण्यापूर्वी पालक व पाल्य यांनी एकत्र बसून ओळ न् ओळ वाचावा आणि त्याची संपूर्ण प्रत घरी ठेवावी. प्रत देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

नकार आलाच तर तोच अर्ज घाईने पुन्हा भरण्यात अर्थ नसतो. कॅनडाने जुलै २०२५ च्या अखेरीपासून अभ्यास परवान्याच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याची टिपणेही देण्यास प्रारंभ केला आहे. त्यांत नेमकी शंका लिहिलेली असते, आणि दुसरा अर्ज त्या शंकेचे उत्तर असायला हवा. अभ्यासक्रमाची निवडही त्या वेळी पुन्हा तपासावी. १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना प्रांताचे संमतिपत्र लागत नाही. पदविकेसाठी जाणाऱ्यांना ते सर्वसाधारणपणे लागते आणि प्रांतांचा कोटा मर्यादित असतो. सप्टेंबरच्या सत्रासाठी नावांची दुरुस्ती व कर्जाची चौकशी आदल्या दिवाळीपूर्वीच सुरू केलेली बरी. रकमा व नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा पाहून घ्यावेत.