पावसाला सर्कलची हद्द ठाऊक नाही



टेंभी नाक्यावरच्या या बैठकीला कोणी मुरबाडच्या घाटाखालून आले आहेत, कोणी शहापूरच्या डोंगरकपारीतून, कोणी भिवंडी-कल्याणच्या खाडीकाठच्या खाचरांतून. जिल्हा एक, कलेक्टर एक, पण हवा एक नाही. सरकारदरबारी मात्र अख्ख्या सर्कलची हवा एकच धरली जाते. नुकसानभरपाईचे घोडे अडते ते इथेच. म्हणून आज हवामानाचा हिशेब मांडायचा आहे. हा हिशेब शाळेतल्या भूगोलाचा आहे, पण त्यावर आपल्या घरातला पैसा ठरतो.

हवामान तीन गोष्टी घडवतात : उष्णता, उंची आणि ओल. तिघी एकमेकींना धरून चालतात. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वाफेने भरलेली हवा येते. ठाण्याच्या सपाटीवरून ती पुढे सरकते आणि माहुली, नाणेघाट, माळशेजच्या भिंतीला थडकते. वर चढण्यावाचून तिला वाट नसते. कोरडी हवा हजार मीटर चढली की सुमारे १० अंशांनी थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही, मग ढग होतात, पाऊस कोसळतो. म्हणून खाडीपेक्षा घाटाखाली पाऊस जास्त आणि घाटमाथ्यावर त्याहून जास्त. डोंगर ओलांडून तीच हवा जुन्नरकडे उतरते तेव्हा ती पिळून निघालेली असते, आणि उतरताना पुन्हा तापते. ढग विरतात. नाणेघाटाच्या अलीकडे भाताचे खाचर आणि पलीकडे थोड्याच अंतरावर बाजरीचे रान, याचे कारण एवढेच.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि खाली वाईला आठव्या हिश्श्याच्या आसपास. तिन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यातली!

उंच तेवढे थंड, हाही नियम सरसकट लावता येत नाही. हिवाळ्याच्या स्वच्छ, कोरड्या रात्री जड थंड हवा खोलगट भागात उतरून साचते. म्हणून निफाडचा पारा कित्येकदा महाबळेश्वरच्याही खाली जातो. उलट खाडीकाठी हवेतली ओल रात्रीची ऊब धरून ठेवते. उन्हाळ्यात बदलापूर-मुरबाडला खारा वारा उशिरा पोचतो, म्हणून पारा चाळिशी ओलांडतो. ठाण्यात तो कमी, पण घामाने जीव नकोसा. आंब्याला मोहोर यायला रात्रीचा गारवा लागतो. तो एका वाडीला मिळतो, दुसरीला मिळत नाही.

आपल्या बापजाद्यांनी हे कोणाला न विचारता ओळखले होते. उताराच्या माळावर हळवे भात, खोलगट खाचरात गरवे, वरकसावर नाचणी-वरी. पेरणी करताना प्रत्येक बांधाची हवा आणि ओल वेगळी धरली जात होती.

सरकार काय धरते? सर्कलमध्ये २४ तासांत ६५ मिलीमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. यंत्र बसले आहे एका गावात. राज्यात 'महावेध'ची अशी सुमारे २,००० स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांसाठी बसवली गेली. फळपीक विम्यातही आंब्याला पैसे मिळायचे की नाही, हे अशाच केंद्रातला पारा आणि पाऊस ठरवतो. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, कापलेले भात शेतात पडलेले असताना, दुपारच्या उकाड्याने चढलेला ढग चार-सहा गावांवर फुटतो. यंत्राचे गाव कोरडे राहिले तर कागदावर पाऊस पडलाच नाही! भाताला मोड आले ते शेतकऱ्याच्या नशिबाने, असे म्हणायला साहेब मोकळे.

शहरातल्या मंडळींना हे खरे वाटत नसेल, तर त्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला ७४. कुलाब्याच्या यंत्रावर विसंबून कोणी कुर्ल्याचा पूर नाकारला असता का? मग शेतकऱ्याच्याच बाबतीत हा न्याय का?

आणखी एक गोष्ट. याच डोंगराने अडवलेल्या पावसावर मुंबई जगते. तानसा १८९२ पासून तिला पाणी देतो, पुढे भातसा आला. धरणे आमच्या शहापुरात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही शहापुरातच. शहराला जाणारे पाणी मोजून जाते. शेतकऱ्याच्या शेतात पडलेला पाऊस मात्र अंदाजाने.

२०२३ साली केंद्राने 'विंड्स' योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचे ठरले आहे. ठरले ते झाले पाहिजे. म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत :

१) प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवा, सुरुवात घाटाखालच्या गावांपासून करा.
२) यंत्र झाडाखाली, भिंतीला लागून किंवा पत्र्याशेजारी नको. रोजची नोंद पंचायतीच्या फळ्यावर लावा.
३) यंत्रात पाऊस नसला तरी शेतात नुकसान दिसते, तिथे पंचनामा नाकारू नका.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण बसून राहायचे नाही. उभ्या, सरळ कडांचे, सपाट बुडाचे भांडे उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला आतले पाणी फूटपट्टीने मोजा. जितके मिलीमीटर पाणी, तितका पाऊस. एक मिलीमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. वहीत तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या. ही वही सरकारी पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण पन्नास गावांच्या पन्नास वह्या एकाच दिवशी कलेक्टरच्या टेबलावर ठेवल्या, तर त्या बाजूला सारणे साहेबालाही जड जाईल.

पुढच्या बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. वही घेऊन या.